टेबलाची लांबी

दोन हजार अकरा साल. पिंपळे सौदागरातल्या फ्लॅटचा ताबा नुकताच मिळाला होता. सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो उभा होता, त्यात लाकडाच्या फळ्या होत्या आणि माझे यजमान रंगराव वॉचमनशी वाद घालत होते.

"काका, लिफ्टमधून मटेरियल न्यायला सेक्रेटरी साहेबांची परवानगी लागते."

"मग जिन्यानं नेतो. जिन्याला लागती का परवानगी?"

"जिन्याचं काही सांगितलं नाही त्यांनी."

"मग झालं तर. कुसुम, धर गं एक टोक."

मी पदर खोचला आणि टोक धरलं. चौथ्या मजल्यापर्यंत आम्ही दोघांनी त्या फळ्या वाहिल्या. प्रत्येक वळणावर रंगराव थांबायचे आणि फळीवर हात फिरवून सांगायचे, "कुदळवाडीच्या भंगारबाजारातून निवडून आणल्यात. परदेशी मशिनीच्या खोक्याचं लाकूड हाय हे. वास घे." मी वास घेतला. राळेचा गोडसर वास होता. दम लागलेला असूनही मी हसत होते, कारण ते लाकूड माझ्यासाठी आलं होतं. माझ्या लिहिण्याच्या टेबलासाठी.

ते टेबल मला कित्येक वर्षांपासून कबूल होतं.

लग्न होऊन मी कळंबकडच्या गावातून आले ती काळेवाडीतल्या दोन खोल्यांत. रंगराव पिंपरीच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात होते. यंत्र तयार झालं की त्याच्या मापाचं लाकडी खोकं ठोकायचं, हे त्यांचं काम. आमच्या गावाकडून पिंपरीत आलेले ते पहिले, त्यामुळे नंतर जो कुणी नोकरी शोधायला यायचा तो आमच्याच दारात ट्रंक ठेवायचा. कुणी भाचा, कुणी मेव्हणा, कुणी नुसताच गावचा. राहा म्हणावं लागायचं नाही. नोकरी लागून खोली मिळेपर्यंत तो राहणारच, हे सगळ्यांनी धरलेलं असायचं. एकाची खोली होईपर्यंत दुसरा आलेला असायचा. त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या. सकाळचा भोंगा झाला की पहिल्या पाळीचे निघायचे आणि रात्रपाळीचे येऊन त्यांच्याच अंथरुणावर पडायचे. आमच्या घरात अंथरूण कधी थंड झालं नाही.

मी लिहायची ती या सगळ्याच्या फटीत. मधल्या सुट्टीचा भोंगा झाला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायचं, पाठीमागे वळकट्या, मांडीवर पोळपाट उलटा घालून त्याच्यावर कागद. बाहेरच्या खोलीत कुणीतरी घोरत असायचं. त्याची झोप मोडू नये म्हणून मी कागदसुद्धा हळू उलटायची. असंच लिहिलेल्या एका कथेला कामगार कल्याण केंद्राच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा मोठा डबा. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वहिनी, आमच्यावर काही लिहू नका बरं का." आणि त्याच डब्यातला चिवडा खायचा.

बक्षिसाच्या दिवशी रंगराव म्हणाले होते, "आपलं घर होऊ दे. एक खोली तुझी. त्यात कुणाची ट्रंक येणार नाही. टेबल मी स्वतः करतो."

आमची घरमालकीण ठकुबाई. काळेवाडीची जुनी शेतकरीण. म्हशी विकून तिनं जागेत खोल्या बांधल्या होत्या, पण एक गोठा तसाच ठेवला होता, रिकामा. धारेच्या वेळेला ती रोज त्या गोठ्यात जायची आणि दार ओढून घ्यायची. मी एकदा विचारलं, "मावशी, आत काय करता?"

"धार काढतीया."

"म्हशी कुठं आहेत?"

"म्हशी न्हाईत, पर येळ हाय का न्हाई?" ती म्हणाली. "जल्मभर त्या वक्ताला मला कुनी हाक मारली न्हाई. धार काढताना हाक मारली तर म्हस पान्हा चोरती, ठावं हाय समद्यांना. सासूबी गप ऱ्हायाची. आता म्हशी गेल्या म्हून काय आमी तो वकूत बी सोडायचा व्हय?"

"पण आत बसून करता काय?"

"कायबी न्हाई. बसती."

त्या रिकाम्या गोठ्याचा मला फार हेवा वाटायचा. मनात ठरवलं होतं, टेबल मिळालं की पहिली गोष्ट ठकुबाईची लिहायची.

तर टेबल. निवृत्त माणसाच्या हातांना काम मिळालं म्हणून रंगराव खुशीत होते. घरभर भुसा. ते रंधा मारायचे आणि मी चहा करून समोर बसायची. फळ्या जोडल्या तेव्हा मी म्हटलं, "एवढं लांब कशाला? मी काय त्याच्यावर पोहणार आहे?"

"तू पसारा करतीस. कागद पसरायला जागा नको?"

पाय त्यांनी दोन तुकड्यांत केले, मध्ये बोल्ट. "एकसंध का नाही?" "दार अरुंद हाय. उद्या हलवायचं म्हटलं तर?" कडेला चारी बाजूंनी बोटभर उंचीची पट्टी ठोकली. "ही कशाला?" "पेन्सिल गडगडती. नंतर वाकता येतं का तुला?" माणसानं माझा इतका विचार केलाय, याचं मला कौतुक वाटलं. शेजारणींना बोलावून मी ती पट्टी दाखवली. एकच गोष्ट त्यांनी केली नाही. दाराला आतून कडी हवी, असं मी दोनदा म्हटलं. ते म्हणाले, "आपल्याच घरात कुणापासून कडी लावायची?" मला ते पटलं.

टेबल खिडकीशी लागलं. समोर दुसऱ्या इमारतीच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे. मी पेन, कागद, पाण्याचा तांब्या ठेवून बसले आणि काहीच सुचेना. दुसऱ्या दिवशीही नाही. खोली इतकी शांत की माझाच श्वास मला ऐकू यायचा. कुणी घोरत नव्हतं, भोंगा नव्हता. वेळ कधी सुरू झाला आणि कधी संपला हे सांगणारं कुणी नव्हतं. मी उठायची, डाळ बघायची, परत बसायची. मुलगी निशिगंधा तेव्हा वाकडला राहायला गेली होती, तिथल्याच एका मोठ्या कंपनीत. ती फोनवर म्हणाली, "आई, मोबाईलवर लिहीत जा ना. कुठंही बसून लिहिता येतं."

"कुठंही बसून आजवर लिहिलंच की," मी म्हटलं.

मग मला गोठा आठवला. लिहायचं म्हणून बसायचंच नाही, वेळ झाली म्हणून बसायचं. दुपारची भांडी आवरली की मी खोलीत जायची, दार लोटून घ्यायची, आणि रंगरावांना सांगून ठेवलं, "धारेची वेळ आहे. हाक मारायची नाही." ते हसले, पण त्यांनी हाक मारली नाही. खाली बाकावर जाऊन बसायचे. कुरिअरवाला आला तर त्यालाही खालीच अडवायचे, "वर नको जाऊ, बाई कामात हाय." आधी मी नुसती बसले, ठकुबाईसारखी. मग एक दिवस ठकुबाई स्वतःच आली. तिचं ते दार ओढून घेणं, ओच्यात किल्ली खोचणं. रोज थोडं थोडं उतरू लागलं. दुसऱ्या दिवशीचं वाक्य आदल्या दिवशीच डोक्यात तयार असायचं. भाजी चिरताना मी ते घोळवायची. साठीच्या घरात आल्यावर मला कळलं की डोक्यातही एक खोली असते आणि तीसुद्धा रोज झाडावी लागते. त्या दिवसांइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

गोष्टीत ठकुबाईचा मुलगा गोठा पाडायचा म्हणतो, इथपर्यंत मी आले होते. ती दारात उभी राहते. तिथं मी त्या दिवशी थांबले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. निशिगंधा आली होती. मी मंडईत गेले आणि परत आले तर आतून पान्याचा आवाज येत होता. पिशवी हातात तशीच धरून मी खोलीच्या दारात गेले. रंगराव टेबलाखाली आडवे झाले होते आणि पायाचे बोल्ट सोडवत होते. एक तरुण मुलगा टेबलाचं दुसरं टोक उचलून धरून उभा होता. खालचे तुकडे एकेक करून निघाले आणि त्या दोघांनी माझं टेबल हळूच खाली उतरवलं. टेबल बसलं. गुडघ्याच्या उंचीचं झालं. मग निशिगंधानं कोपऱ्यातली गुंडाळलेली गादी सोडली आणि वर टाकली. पट्टीच्या आत ती अशी चपखल बसली की कुठं बोटभर फट राहिली नाही.

पॅकिंग खात्यातल्या माणसाचं माप चुकत नाही.

"आलीस?" रंगराव उठत म्हणाले. "हा गणराज. आपल्या अक्काचा धाकटा. चाकणला ट्रेनी म्हणून लागलाय. कंपनीची बस चौकातच थांबती."

गणराजानं वाकून नमस्कार केला. "मामी, थोडेच दिवस."

"माझे कागद?"

"बांधून ठेवलेत नीट. वॉशिंग मशिनवर."

निशिगंधा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आई, तुला माहीत नव्हतं? मला वाटलं तुम्ही दोघांनी ठरवलंय. गादी पप्पांनी माझ्याकडूनच मागवली. माप देऊन."

"कधी?"

"टेबल व्हायच्या आधी." आणि मग तिनं जीभ चावली.

मी स्वयंपाकघरात गेले. भाजी निवडून ठेवली. पाहुण्यासाठी वाटीभर तांदूळ वाढवला. गणराज ताटावर बसला तेव्हा त्याला आग्रहही केला. त्या पोरावर राग काढण्यासारखं काही नव्हतं. जेवता जेवता त्यानंच विचारलं, "मामी, तुम्ही लिहिता म्हणे. मग तुम्ही कुठं बसणार?" रंगरावांनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

दुपारी तो बसचा थांबा बघायला गेला आणि निशिगंधा वाकडला परतली, तेव्हा मी रंगरावांना विचारलं, "लाकूड आणलं त्या दिवशीच ठरलं होतं?"

"काय ठरायचंय त्यात. अक्कानं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, पोराचं डिप्लोम्याचं शेवटचं वर्ष हाय म्हणून."

"म्हणजे तुम्ही खाट केलीत."

"टेबल केलं. लागलं तर खाट. एका वस्तूचे दोन उपयोग झाले तर त्यात वाईट काय? तो कामावर गेला की लिही तू. पाळी लाव."

"मला सांगितलं का नाही?"

ते थोडा वेळ हातातल्या पान्याचं तोंड फिरवत राहिले. "सांगितलं असतं तर तू करू दिलं नसतंस."

"पट्टी पेन्सिलीसाठी आहे म्हणालात."

"पेन्सिलीलाबी होतीच की." मग त्यांचा आवाज चढला. "मी आलो तेव्हा मला परक्या लोकांनी ठेवून घेतलं नसतं तर मी पिंपरीत टिकलो असतो का? आता मी दार लावून घेऊ? माणसं काय म्हणतील, रंगरावाला फ्लॅट झाला अन् घर लहान झालं?"

"मी दार लावून घेतलं असतं. तुम्हाला लावावं लागलं नसतं."

"तू म्हणजे काय अन् मी म्हणजे काय," ते म्हणाले आणि चप्पल घालून खाली बाकावर गेले.

हे वाक्य ते प्रेमानं म्हणाले की चिडून, मला आजही सांगता येत नाही. मला जे लागलं ते वेगळंच होतं. खोली गेली, त्याची मला सवय होती. काळेवाडीत कधी खोली होतीच कुठं? पण तिथं मला कुणी फसवलं नव्हतं. इथं मी समोर बसून चहा पाजत होते, वास घेत होते, पट्टी दाखवायला शेजारणींना बोलावत होते, आणि त्या सगळ्या वेळात त्या लाकडावर दुसऱ्याच कुणाची लांबी आखलेली होती.

पाळी लावून पाहिली. गणराजाची पाळी दर आठवड्याला बदलायची. तो पहिल्या पाळीला असला की दुपारी दमून यायचा आणि पडायचा. रात्रपाळीला असला की दिवसभर पडलेला. दुसऱ्या पाळीला गेला की खाटेवर बसून मी मांडीवर पोळपाट घ्यायची. ठकुबाई गोठ्याच्या दारात उभी होती तिथंच उभी. मी तिला हाक मारायची आणि ती काही बोलायची नाही. म्हशीनं पान्हा चोरला तर धाकदपटशानं दूध येत नाही, हे तिनंच मला सांगितलं होतं.

गणराजाची खोली झाली तोवर त्याच्या मित्राचा भाऊ आला होता. मग आणखी कुणी. टेबलाचे खालचे पाय वॉशिंग मशिनच्या मागे उभे होते. मी ते कधी मागितले नाहीत आणि रंगरावांनी ते कधी लावले नाहीत. आमच्या बोलण्यात ती गोष्ट पुन्हा आली नाही. नातेवाइकांत मात्र ते अभिमानानं सांगायचे, "स्वतः केलेली खाट हाय. किती पोरं मार्गी लागली तिच्यावर."

मग त्यांना अर्धांगवायू झाला. डॉक्टर म्हणाले, टणक अंथरूण हवं. घरात टणक एकच होतं. त्या वेळी राहायला असलेल्या मुलाला दुसरीकडे जागा शोधावी लागली आणि रंगराव स्वतःच्या मापात जाऊन पडले. पुढचे महिने मी त्याच खोलीत, खाटेशेजारी स्टुलावर काढले. एका दुपारी मी नुसती बसले होते. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द सावकाश यायचे.

"कुसुम. लिहीत नाहीस आता."

"जागा कुठं आहे?"

मग चांगल्या बाजूचा हात टेकवून, कण्हत, ते भिंतीकडे सरकले. ओंजळभर जागा झाली. "बस हितं," म्हणाले.

मी बसले. लिहिणार कशावर आणि काय? तेलाची बाटली घेतली आणि त्यांच्या डोक्याला तेल लावलं. त्यानंतर रोज त्याच वेळेला ते सरकायचे आणि मी तेल लावायची. गादीची त्या बाजूची शिवण उसवली होती. तेल झिरपून लाकडापर्यंत गेलं, ते मला नंतर दिसलं.

रंगराव एकवीस साली गेले. त्या खाटेवरच गेले.

ठकुबाई त्याच्या कितीतरी आधी गेली होती. तिच्या गोठ्याच्या जागी इमारत झाली आणि तळमजल्यावर गाड्या लागतात. गणराज चाकणला त्याच कंपनीत सुपरवायझर झाला. निघोज्याला घर बांधलं, हर्षालीशी लग्न केलं. वास्तुशांतीला मला न्यायला स्वतः गाडी घेऊन आला. बाहेरच्या खोलीत त्यानं सोफा ओढून त्याची खाट करून दाखवली आणि म्हणाला, "मामी, मामांकडूनच शिकलो. गावाकडची दोन पोरं आहेत आत्ता." हर्षाली त्याच्या मागे उभी होती. मी तिला हळूच विचारलं, "तुझी कुठली खोली गं?" ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

निशिगंधाच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये घरून काम करायची वेगळी खोली आहे. दार काचेचं, आवाज न येणारं. मी गेले की ती आतून हाताचा पंजा दाखवते, पाच मिनिटं. मी थांबते. ती धारेची वेळ आहे, हे मला कळतं. आम्ही त्या गादीबद्दल कधी बोललो नाही.

रंगरावांचं वर्षश्राद्ध झालं आणि महिन्याभरात गावाकडून फोन आला, कुणाचा तरी मुलगा चाकणला लागला होता. मी म्हटलं, "इथं झोपायला जागा नाही." फोन ठेवला आणि ज्योतीराम सुताराला बोलावलं.

तो खाटेभोवती फिरला. "चांगलं काम आहे ताई. मोडता कशाला?"

"मोडायचं नाही. कापायचं आहे. याचे पाय वॉशिंग मशिनच्या मागे आहेत, तेही लाव."

"किती कापू?"

"माणूस झोपू शकणार नाही इतकं."

तो हसला. "लहान पोरगं झोपेल तरीही."

"तेही झोपायला नको."

त्यानं पेन्सिल कानावरून काढली आणि वाकून पाहिलं. "ह्या टोकाला तेल मुरलंय. काळं पडलंय. हे काढून टाकू, ती बाजू स्वच्छ आहे."

"नाही. हीच बाजू ठेव."

उरलेल्या फळ्या तो घेऊन गेला. जाताना त्यानं विचारलं, अजून काही? मी म्हटलं, दाराला आतून कडी लाव. ती त्यानं लावली.

ठकुबाईची गोष्ट पुढे गेली नाही. ती दारात उभी आहे ती आहेच. मी आता दुसरं काही लिहिते, रोज, भांडी आवरल्यावर. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल डाग आहे, डोक्याएवढा. त्यावर कागद ठेवला की तेलकट होतो आणि पेन उमटत नाही. तिथं मी पाण्याचा तांब्या ठेवते आणि उरलेल्या जागेत लिहिते.